मंत्रिमहोदय, रिव्ह्यू हेही काम धरा

प्रति,
मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय, सप्रेम नमस्कार.

पुण्यातल्या एका महाविद्यालयातून निघणाऱ्या व्यवस्थापनशास्त्राच्या षण्मासिकाचं संपादन मी करतो. मार्च जवळ आला की फोन सुरू होतात. "सर, प्रमोशनची फाईल लावायचीय, पेपर या अंकात बसेल ना?" पेपरात, म्हणजे शोधनिबंधात, काय आहे, हे सांगायची घाई कुणालाच नसते. एकाने तर आधी फी विचारली. आम्ही फी घेत नाही म्हटल्यावर त्याला आमचाच संशय आला.

त्याचं चुकलं असं म्हणवत नाही. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, 'मान्यताप्राप्त' यादीत विद्यापीठांच्या शिफारशीवरून शिरलेली १००९ नियतकालिकं डॉ. भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासली. त्यातली ८८ टक्क्यांहून अधिक सुमार असावीत, असा निष्कर्ष २०१८ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये छापून आला. कित्येकांचा पत्ता किंवा संपादकांची नावंच धड नव्हती. मग २०१९ मध्ये यूजीसीचीच, पारखून घेतलेल्या नियतकालिकांची 'केअर' यादी आली, तिचं बरंचसं काम आपल्या पुणे विद्यापीठातून चाललं, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये यूजीसीने तीही बंद केली. आता पारख ज्या त्या संस्थेने करायची. म्हणूनच हे पत्र दिल्लीला न धाडता आपल्याला लिहितोय.

पारख म्हटलं की आपल्याकडे पहिली नजर जाते मुखपृष्ठामागच्या संपादक मंडळावर. चार परदेशी नावं दिसली की झालं नियतकालिक आंतरराष्ट्रीय! मीही संपादक झालो त्या वर्षी अशी पाच नावं मिळवली होती. त्यातल्या तिघांनी पुढे एकाही मेलला उत्तर दिलं नाही. नावं काढून टाकली तेव्हा कॉलेजात नाराजी झाली, तपासणीला समिती येणार होती म्हणून.

त्यानंतर बीड जिल्ह्यातल्या एका प्राध्यापिकेचा ऊसतोड टोळ्यांवरचा पेपर आला. मुकादम उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, कशी वाटतो, मजूर आलाच नाही तर कारखाना आणि मुकादम यांच्यात तोटा कोण सोसतो, असा विषय. रिव्ह्यूला, म्हणजे छापण्याआधी जाणकाराकडून तपासून घ्यायला, पाठवला ब्राझीलमधल्या एका अभ्यासकाकडे, कारण ऊस त्यांच्याकडे आपल्याहून जास्त. बाईंनी पेपरभर 'एक मजूर-एकक' असं लिहिलं होतं. ब्राझीलच्या अभ्यासकाचा पहिला प्रश्न, एका एककात माणसं किती? उत्तर गेलं, एक कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून. लगेच दुसरा प्रश्न, मग उचल कुणाच्या नावावर, आणि बायकोचा हिशेब कुठे लिहितात? लिहीतच नाहीत. मुकादमाच्या वहीत नवऱ्याचं नाव, रक्कम, अंगठा, संपलं. आपल्या हे इतकं अंगवळणी पडलंय की बाईंना तो प्रश्न सुचला नव्हता, आणि मसुदा दोनदा वाचूनही मला सुचला नव्हता. पेपराचा रोखच तिथून बदलला. सहा मसुदे झाले, अकरा महिने गेले. त्या बाई आता आमच्यासाठी दुसऱ्यांचे पेपर तपासतात आणि ब्राझीलचे ते गृहस्थ न विचारता लेखक सुचवतात. आंतरराष्ट्रीय समुदाय म्हणतात तो मला एवढाच ठाऊक आहे.

हे पुण्याला नवीन नाही. भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९१९ मध्ये हाती घेतली, ती १९६६ ला पुरी झाली. वेगवेगळ्या हस्तलिखितांतले पाठ जुळवण्याचं काम शांतिनिकेतन आणि तंजावरातही चालायचं. सभापर्वाचं संपादन केलं येल विद्यापीठाच्या फ्रँकलिन एजर्टन यांनी. त्यांचं नाव शोभेपुरतं नव्हतं, अख्खं पर्व त्यांच्या अंगावर होतं. आवृत्तीचे प्रमुख संपादक सुकथनकर यांनी माणसं जोडली ती काम वाटून देऊन.

आता पैशाचं. 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन'साठी केंद्राने तीन वर्षांचे सुमारे ६००० कोटी रुपये मंजूर केलेत. बाहेरची हजारो नियतकालिकं आमच्या विद्यार्थ्यांना वाचायला मिळतील, फारच चांगलं. पण ते वाचण्याचे पैसे झाले. इथून काही निघावं म्हणून? आणि गंमत म्हणजे त्याला फारसा पैसा लागतही नाही. नियतकालिक चालवायचं ओपन जर्नल सिस्टिम्स हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. लागतो तो माणसांचा वेळ, आणि तो आपल्या कुठल्याच कागदावर नाही. उत्तरपत्रिका तपासली तर नगाप्रमाणे मानधन मिळतं. कुणाचा पेपर दोन आठवडे वाचून चार पानी अभिप्राय लिहिला तर त्याला कार्यभारात जागा नाही, वार्षिक अहवालात रकाना नाही. चांगले रिव्ह्यूअर मला नकार देतात तेव्हा मी रागावत नाही.

तेव्हा विनंती अशी की राज्यातल्या विद्यापीठांच्या कार्यभारात संपादन आणि रिव्ह्यूचे तास धरावेत, त्यासाठी शासन निर्णय काढावा. प्रत्येक कॉलेजला स्वतःचं नियतकालिक काढायला लावणं थांबवावं. पाच-सहा संस्थांनी मिळून एक काढलं तर त्याला एका पूर्णवेळ सहायक संपादकाचा पगार द्यावा. मंडळावर परदेशी नावं किती, हे मात्र कृपा करून कुठल्याही अटीत घालू नका. नाहीतर तीही विकत मिळायला लागतील.

पुण्यात असाल तेव्हा अर्धा तास द्या. ऊसतोडीच्या पेपरचे सहाही मसुदे, समासातल्या प्रश्नांसकट, घेऊन येतो.

आपला,
एक संपादक, पुणे