लॅपटॉपची बिजागरी बसली, काळजी करू नका

आइंडहोवन,
रविवार, 26 ऑक्टोबर 2025

तीर्थरूप आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार वि. वि.

फराळाचं पार्सल भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी पोचलं. चकल्या थोड्या मोडल्या, पण चव तीच. अनारसे एकही मोडला नाही. ऑफिसात डबा नेला होता, दहा मिनिटांत रिकामा झाला.

आज पहाटे इथली घड्याळं तासभर मागे गेली. आता तुमच्या-माझ्यात साडेचार तासांचं अंतर. रविवारचा फोन साडेसहाऐवजी साडेसातला येईल, तेव्हा साडेसहाला वाट बघत बसू नका.

बाबा, तुम्ही म्हणालात की फोनवर मी सगळं उडवून लावते, नीट लिहून कळव. म्हणून लिहायला बसले आहे. दसऱ्याला पूजा दाखवायला मी फोन फिरवला, तेव्हा लॅपटॉपच्या कोपऱ्याची चिकटपट्टी तुम्हाला दिसली. आई, तू तेव्हा काही बोलली नाहीस, पण भाऊबीजेला तोच विषय निघाला. पोरगी परदेशात पोटाला चिमटा काढून राहते, मोडका लॅपटॉप पट्टी लावून वापरते, असं तू आत्याला सांगितलंस. आत्याने मला लगेच मेसेज केला. असं काही नाही, आई. पगार पुरतो. ऑफिसच्या कामाला कंपनीने वेगळा लॅपटॉप दिला आहे, तो नवा कोरा आहे. घरात हीटर चालू असतो, दोन्ही वेळा जेवते, गेल्याच महिन्यात चांगला कोट घेतला. हा जुना लॅपटॉप मी वापरते कारण तो अजून चांगला आहे आणि मला टाकवत नाही.

तो कुठून आला हे मी विसरेन का? 2018 साली माझी इंजिनिअरिंगला ॲडमिशन झाली, तेव्हा तुझी भिशी लागली होती. 46,500 रुपये. त्या पैशांत तू ओट्याला ग्रॅनाइट बसवणार होतीस. ओटा अजून तसाच आहे, हे मला माहीत आहे. लॉकडाऊननंतर पोवई नाक्यावरच्या दुकानात हार्ड डिस्क काढून तिच्या जागी जास्त वेगवान एसएसडी बसवली, रॅम चार जीबीची आठ केली, तर लॅपटॉप नव्यासारखा पळायला लागला. इकडे यायच्या आधी बॅटरी बदलली. सात वर्षांत एवढाच खर्च. प्रत्येक वेळी तो उघडता आला, म्हणून वाचला.

मोडलं काय होतं ते सांगते, बाबा, तुम्हाला लगेच कळेल. झाकणाची उजवी बिजागरी. ती असते लोखंडाची, पण तिचे स्क्रू ज्यात बसतात त्या पितळेच्या बारीक पुंगळ्या नुसत्या प्लास्टिकमध्ये दाबून बसवलेल्या असतात. वर्षानुवर्षं उघडझाप होऊन बिजागरी घट्ट होत जाते. मग झाकण उचललं की सगळा जोर त्या प्लास्टिकवर येतो, आणि एक दिवस पुंगळी प्लास्टिकचा तुकडा घेऊनच बाहेर येते. पडद्याची आणि कॅमेऱ्याची वायरही तिथूनच जाते, म्हणून लॅपटॉपवरून बोलताना मध्ये मध्ये चित्र जायचं. तुम्हाला वाटायचं मी फोन ठेवला. मी ठेवत नव्हते.

इथल्या एका दुकानात दाखवला. त्यांनी उघडूनही बघितला नाही. पूर्ण वरचं कव्हर बदलावं लागेल, मजुरीसकट 290 युरो, त्यापेक्षा नवा घ्या, म्हणाले. रुपयांत करू नका, आई, मीच सांगते, तीस हजारांच्या आसपास जातात. पितळेच्या दोन पुंगळ्यांसाठी! मला इतका राग आला की उरलेला दिवस कामात लक्ष लागलं नाही. नवा घेता आला नसता असं नाही. पण चालती वस्तू एका कोपऱ्यापायी भंगारात घालायची, हे आपल्या घरात कधी झालेलं नाही. बाबांनी पंचवीस वर्षं डेपोत गाड्या मार्गावर आणल्या. ब्रेकडाऊनची गाडी कोणी ‘नवी घ्या’ म्हणून टाकून दिली का?

आता इथली एक गोष्ट सांगते. मला ती समजायलाच दोन वर्षं लागली, म्हणून जरा सविस्तर लिहिते. इथे ‘रिपेअर कॅफे’ नावाचा प्रकार असतो. नाव कॅफे असलं तरी हॉटेल नाही. वस्तीतल्या समाजमंदिरासारख्या हॉलमध्ये महिन्यातून एखाद्या शनिवारी टेबलं मांडतात. प्रत्येक टेबलाशी एक जण हत्यारं घेऊन बसतो. कुणी शिवणयंत्र जाणणारं, कुणी सायकल, कुणी रेडिओ, कुणी कॉम्प्युटर. बहुतेक निवृत्त माणसं. तुम्ही मोडकी वस्तू न्यायची, दारात नाव लिहायचं, नंबर यायची वाट बघायची, तोवर कॉफी आणि केक. नंबर आला की वस्तू देऊन निघून यायचं नाही. शेजारी बसायचं आणि आपल्या हाताने स्क्रू काढायचे. ते दाखवतात, आपण करायचं. पैसे कोणी मागत नाही. दाराशी डबा असतो, वाटलं तर त्यात टाका.

पहिल्यांदा मला वाटलं ही गरिबांची सोय असावी. तसं नाही. चांगल्या गाडीतून उतरून लोक वीस युरोचा टोस्टर दुरुस्त करायला आणतात, आणि तासभर बसून करतात. कारण असं की इथे मजुरी इतकी महाग की कारागिराने नुसता स्क्रू ड्रायव्हर हातात घेतला तरी नव्या टोस्टरची किंमत होते. म्हणून लोकांनी दुरुस्ती सोडून दिली, दुकानं बंद पडली आणि वस्तू फेकायची सवय लागली. मार्टिन पोस्टमा नावाच्या बाईंना ते बघवेना. पत्रकार होत्या त्या. त्यांनी 18 ऑक्टोबर 2009 ला ॲमस्टरडॅममध्ये पहिला असा कॅफे भरवला. आज जगभरात अडीच हजारांवर आहेत. आपल्याकडे पोवई नाक्यावर, पुण्यात तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडवर जे रोज उठून होतं, ते इथे माणसं चळवळ म्हणून जपतात. मला त्यांचं कौतुक वाटतं, आणि आपल्या नाक्यावरच्या त्या दुकानदाराचंही आता जास्त वाटतं.

मी गेले त्या दिवशी 18 ऑक्टोबरच होता. ऑक्टोबरचा तिसरा शनिवार म्हणजे आंतरराष्ट्रीय दुरुस्ती दिन. आणि आपली धनत्रयोदशी. तुम्ही तिकडे धने आणि गूळ मांडत असाल तेव्हा मी इकडे लॅपटॉपचे अकरा स्क्रू काढत होते.

माझ्या टेबलावरचे आजोबा पंचाहत्तरीचे असतील. हात जरा थरथरायचा, पण हत्यार धरलं की थांबायचा. बाबा, अगदी तुमच्यासारखं, प्रत्येक स्क्रू निघाला की कागदावर काढलेल्या चित्रात त्याच्या जागी ठेवायला लावला, म्हणजे परत लावताना लहान-मोठा होत नाही. खालचं झाकण निघालं तर पंख्यात धुळीचा नमदा झालेला. ती लाल धूळ इथली नाही हे मला बघताच कळलं. त्यांनी चिमट्याने एक दाणा उचलून दिव्यापुढे धरला. त्यांना वाटलं काही भाग तुटून पडलाय. तो तांदळाचा दाणा होता, कुंकवाने लाल झालेला. 2018 च्या दसऱ्याला तुम्ही तुमचे पाने आणि माझा नवा लॅपटॉप एकाच पाटावर मांडला होतात. ती अक्षता सात वर्षं आत बसून होती. आम्ही वर्षातून एकदा हत्यारांची पूजा करतो, मी सांगितलं. त्यांनी स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला, शेजारच्या शिवणयंत्रवाल्या बाईंना बोलावलं आणि मला पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं. दाणा मी कागदाच्या पुडीत घालून पाकिटात ठेवला आहे.

दुरुस्ती सोपी होती. दोन ट्यूबांचा ॲरल्डाइट पुठ्ठ्यावर कालवला, पुंगळ्या पुन्हा जागेवर बसवल्या, भोवती भरला. आणि मुख्य काम, बिजागरीचं नट पाव फेरा सैल केलं, नाहीतर महिन्यात परत तेच. एक रात्र उघडा ठेवायला सांगितला. मी दोन रात्री ठेवला. डब्यात दहा युरो टाकले. आता झाकण एका बोटाने उघडतं.

त्याच आठवड्यात, 14 ऑक्टोबरला, विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट बंद झाला. माझा प्रोसेसर जुना, विंडोज 11 त्याला घेत नाही. म्हणजे यंत्र धडधाकट आणि कागदोपत्री बाद. त्याच आजोबांनी विंडोजऐवजी लिनक्स मिंट नावाची मोफत प्रणाली टाकून दिली. हे पत्र तिच्यावरच लिहिते आहे. मराठी कीबोर्ड पाच मिनिटांत चालू झाला.

हे सगळं लिहायचं खरं कारण आपला धाकटा, संकेत. दिवाळीला त्याला नवा लॅपटॉप घेऊन देईन असं मी कबूल केलं होतं, आणि दिला नाही. त्याने बघितलेला तो 85,000 चा पातळ लॅपटॉप मला पसंत नाही, हे मी त्याला दोन ओळींत सांगितलं आणि तो रुसला. चूक माझी, नीट समजावायला हवं होतं. संकेत, तू हे वाचशीलच. त्या मॉडेलची रॅम बोर्डावरच पक्की केलेली आहे. आज आठ तर कायम आठ. तिसऱ्या वर्षाला कमी पडली तर करायचं काय? घेताना पातळ किती ते बघू नकोस, खालचं झाकण साध्या स्क्रूंनी उघडतं का ते बघ. रॅमला जागा, एसएसडी बदलता येणारी, बॅटरी स्क्रूने बसवलेली, चिकटवलेली नको. चार्जर टाइप-सी हवा, युरोपात एप्रिल 2026 पासून नव्या लॅपटॉपना तो सक्तीचाच होतोय, म्हणजे पुढे कुठेही मिळेल. झाकण कोपऱ्यात धरून उचल, चरचर वाजलं तर ठेवून दे. फ्रान्समध्ये 2021 पासून लॅपटॉपच्या किमतीशेजारी दुरुस्तीचे दहापैकी गुण लिहावे लागतात. आपल्याकडे ते नाहीत, म्हणून आपणच बघायचं.

माझं मन विचारशील तर कंपन्यांनी वापरून काढलेला चांगला थिंकपॅड घे. टी480 सारखा. 2018 चा आहे, पण विंडोज 11 चालतं, मागची बॅटरी खटका सरकवून बाहेर येते, पार्ट मिळतात. ‘मित्रांसमोर जुना’ असं तू म्हणालास ते मला लागलं. पण पैसे वाचवायला मी तुला कमी देते आहे असं मनात आणू नकोस. वर्षाने कमी पडला तर नवा मी घेऊन देईन, हे आई-बाबांसमोर लिहिते आहे. आणि कुठलाही घेतलास तरी गोधडीवर ठेवून चालवू नकोस, दिवसभर चार्जिंगला असेल तर 80 टक्क्यांवर थांबायची सेटिंग लाव, आणि झाकण मधोमध धरून उघड.

पैशांचं. शुक्रवारी एक लाख दहा हजार पाठवले, मंगळवारपर्यंत दिसतील. 30,000 माझ्या शिक्षणाच्या कर्जाचा हप्ता. 40,000 संकेतचे. उरलेले 40,000 ओट्याचे. आई, बँकेत ठेवू नकोस. ग्रॅनाइट बसव, काळा, तुला हवा होता तोच. बाबांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला मी नव्हते. ते पैसे वेळेवर पाठवले म्हणून माझं काम झालं असं मला वाटत नाही. दुसऱ्या डोळ्याला मी असेन. डॉक्टरांना फेब्रुवारीची तारीख मागा, तिकीट 7 तारखेचं काढलं आहे.

आता आत्याने आणलेलं स्थळ. तुळशीचं लग्न झालं की लोक विचारायला लागतील, म्हणून आत्ताच सांगते. फोटो बघितला, माहिती वाचली. नकार नाही. बोलायला तयार आहे, पण पहिल्यांदा आम्ही दोघंच बोलू. त्याआधी त्यांना एक गोष्ट सांगायला हवी, आणि तुम्हालाही. कंपनीने करार दोन वर्षांनी वाढवला आणि मी सप्टेंबरमध्येच सही केली. दोन वर्षांत परत येते असं निघताना म्हणाले होते. तेव्हा ते खरंच मनात होतं. दसऱ्याला सांगणार होते, तेवढ्यात तुम्हाला ती पट्टी दिसली आणि आईचा चेहरा बघून मला बोलवेना. त्या लोकांपासून हे लपवू नका. त्यांना चालत नसेल तर आत्याला वाईट वाटू देऊ नका, मी तिच्याशी बोलेन.

बाबा, रागावला असाल तर लिहून कळवा, पण कळवा. फेब्रुवारीत हाच लॅपटॉप घेऊन येते. बिजागरी तुम्ही स्वतः उघडझाप करून बघा, आणि नट अजून सैल करायला हवं असेल तर सांगा.

तुमची,
मेघा