लघवीच्या रिपोर्टबद्दल आई-बाबांस

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

रविवारी फोनवर बाबांनी विचारलेल्या प्रश्नाला "डॉक्टरांचे बरोबर आहे" एवढेच म्हणून मी विषय तोडला, ते मला लागून राहिले आहे. आईच्या लघवीच्या कल्चरमध्ये (नमुन्यातले जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीत) 'ई. कोलाय, दर मिलिलिटरला 1 लाखाहून अधिक' असे, म्हणजे आतड्यात राहणाऱ्या एका जंतूचे नाव आणि त्याची संख्या, छापून आले असताना डॉक्टरांनी एकही गोळी लिहून दिली नाही, हा हलगर्जीपणाच नव्हे का, असा बाबांचा सवाल होता. औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंवर संशोधन करणाऱ्या मुलीला घरी एवढेही नीट सांगता येऊ नये, याची लाज वाटून लिहिते आहे.

आधी तो लाखाचा आकडा. नमुना घेताना त्वचेवरचे जंतू बाटलीत पडतातच, तेव्हा खरोखर लघवीत असलेले जंतू वेगळे ओळखता यावेत म्हणून 1950च्या दशकात अमेरिकेतील एडवर्ड कास यांनी ही सीमारेषा रूढ केली. जंतू आहेत, एवढेच ती सांगते. माणूस आजारी आहे की नाही, हे तिला विचारून उपयोग नाही. उतारवयात असे जंतू मूत्राशयात मुक्काम ठोकतात आणि पुष्कळदा काहीही त्रास देत नाहीत. शुश्रूषाकेंद्रांत कायम राहणाऱ्या वृद्ध स्त्रियांपैकी पाव ते निम्म्या जणींत ते सापडतात. आईला जळजळ नाही, ताप नाही, रात्री पूर्वीपेक्षा जास्त वेळा उठावे लागत नाही. अशा वेळी प्रतिजैविके देऊन वृद्धांना फायदा होत नाही, हे अनेक चाचण्यांत पाहून झाले आहे. गरोदर स्त्रिया आणि मूत्रमार्गावरील काही शस्त्रक्रियांचे रुग्ण हे ठळक अपवाद. आई दोन्हींत बसत नाही (पहिल्यात तर नाहीच, हे वाचून ती हसेल).

गोळी घेतली असती तर काय बिघडले असते? गोळीचा परिणाम मूत्राशयापुरता राहत नाही. आतड्यातले नाजूक जंतू तिने मरतात आणि तिला दाद न देणाऱ्या मोजक्यांना रान मोकळे मिळते. हे मोजके आधीपासूनच तिथे असू शकतात. औषधाचा स्पर्शही न झालेल्या वसाहतींतून असे जंतू वेगळे काढून ईस्थर आणि जोशुआ लेडरबर्ग या अमेरिकी शास्त्रज्ञ दांपत्याने 1952 मध्येच ते दाखवून दिले. माझ्या टेबलावर ते रोज दिसते. आगरच्या, म्हणजे जंतूंना पोसणाऱ्या जेलीच्या, थाळीवर जंतूंचा थर पसरून त्यावर औषध भरलेल्या 6 मिलिमीटरच्या कागदी चकत्या ठेवायच्या, रात्रभर 35 अंशांवर उबवायच्या आणि सकाळी प्रत्येक चकतीभोवतीचे, औषधामुळे जंतू न वाढलेले स्वच्छ वर्तुळ पट्टीने मोजायचे, असे ते काम. परवा एका थाळीवर 24 मिलिमीटरचे सुरेख वर्तुळ पडले होते आणि त्याच्या आत, चकतीला जवळजवळ चिकटून, टाचणीच्या डोक्याएवढ्या तीन वसाहती वाढल्या होत्या. नुसता आकडा लिहिला असता तर औषध चालते असाच निष्कर्ष निघाला असता. शिवाय प्लाझ्मिड नावाच्या डीएनएच्या छोट्या कड्यांतून औषधाला दाद न देण्याचा हा गुण एका जातीचा जंतू दुसऱ्या जातीलाही देऊ शकतो.

पुढे कधी आईच्या मूत्रपिंडापर्यंत संसर्ग पोहोचलाच, तर तो बहुधा तिच्याच आतड्यातल्या जंतूंचा असेल, आणि त्या दिवशी रिपोर्टवर औषधापुढे 'एस'च्या (औषध लागू पडते) जागी 'आर' (जंतू औषधाला दाद देत नाही) छापलेले नसावे, यासाठी डॉक्टरांनी आजची गोळी राखून ठेवली आहे. 2019 या एका वर्षात प्रतिरोधी जीवाणूंमुळे जगात थेट 12.7 लाख माणसे दगावल्याचा अंदाज आहे. या आकड्याबरोबर मी दिवसभर असते, म्हणून फोनवर तुटक बोलले गेले असावे.

बाबा, मागच्या सर्दीतल्या उरलेल्या चार गोळ्या तुम्ही कपाटात जपून ठेवल्या आहेत, त्या आईला देऊ नका आणि स्वतःही घेऊ नका. सर्दी विषाणूंची होती. त्या गोळ्यांचा तेव्हाही उपयोग नव्हता. मात्र आईला जळजळ, ताप, हुडहुडी किंवा पाठीत बरगडीखाली दुखणे यांपैकी काहीही झाले, तर माझ्या फोनची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

तुमची लाडकी

ता. क. पुढे कोणी काही त्रास नसताना पुन्हा कल्चर करायला सांगितले, तर "कशासाठी?" असे अवश्य विचारा. बाबांनी विचारावे, आई संकोचते.