ग्रायंडर नको लावूस रे त्याला

प्रिय मित्रा,

तू टाकलेला तुझ्या जुन्या बिडाच्या (म्हणजे ओतीव लोखंडाच्या) पॅनचा फोटो बघितला, आणि खाली तू जे लिहिलंयस ना की रविवारी ग्रायंडर मारून पॅन चकाचक करतो, ते वाचून राहवेना म्हणून सगळं नीट लिहूनच पाठवतोय. कृपा करून ग्रायंडर लावू नकोस. त्या काळ्या थराखाली जे आहे ते ग्रायंडरने मिळणार नाही, उलट असलेलं जाईल.

तळाला नुसतं एरी आणि ८ दिसतंय. एरी म्हणजे अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातलं शहर, तिथे ग्रिसवोल्ड या भांडी बनवणाऱ्या कंपनीची फाउंड्री, म्हणजे ओतकामाचा कारखाना होता, १८६५ साली सुरू झालेली आणि १९५७ ला बंद पडलेली, तेव्हा तुझा पॅन बहुतेक त्यांच्या सुरुवातीच्या काळातला असणार. ८ म्हणजे आठ इंच नाही हां, वरचं तोंड साडेदहाच्या आसपास भरेल, तो आकडा लाकूड-कोळशाच्या शेगडीवर जी गोल भोकं असायची त्यांच्या मापाचा. तळाला कडेने जो उंच गोल काठ आहे तोही त्यासाठीच, भोकावर पॅन नीट बसावा म्हणून. आणि मुख्य गोष्ट, तेव्हा बीड वाळूच्या साच्यात ओतल्यावर आतली बाजू घासून गुळगुळीत करायचे, आता बरेच कारखाने ती पायरीच गाळतात म्हणून नवीन बिडाची भांडी खरखरीत लागतात. म्हणजे तुला जो गुळगुळीतपणा हवाय तो आत आहेच, फक्त वर्षानुवर्षांच्या जळक्या तेलाखाली दबलाय. नकली असेल ही शंका मला येत नाही, कारण बीड थंड होताना साधारण एक टक्का आक्रसतं, त्यामुळे जुन्या पॅनवरूनच साचा काढून ओतलेली नक्कल थोडी लहान निघते आणि अक्षरं बोथट येतात, तुझी अक्षरं चांगली धारदार आहेत.

आता सगळ्यात आधी काय करायचं तर शिशाची टेस्ट. लोक असल्या जुन्या पॅनमधे शिसं वितळवून बंदुकीच्या गोळ्या नाहीतर मासेमारीची वजनं ओतायचे. टेस्ट किट मिळतं, घासायच्या आणि तापवायच्या आधी ते वापर, शिसं निघालं तर त्यात रांधायचं नाही, विषय संपला. मग पॅन हातात धरून बोटाच्या पेराने वाजव, खणखणीत वाजला तर छान, बद्द आवाज आला तर कुठेतरी चीर आहे. सपाट काचेवर ठेवून डगमगतो का तेही बघ.

थर काढायला कॉस्टिक सोडा. प्लास्टिकच्या बादलीत आधी पाणी, मग त्यात हळूहळू सोडा (उलट कधीच नाही, उसळतं ते), हातमोजे आणि चष्मा घालूनच, आणि अ‍ॅल्युमिनियमचं काहीही जवळ नको. काही दिवस बुडवून ठेव. कॉस्टिक जळकं तेल खातं, लोखंडाला हात लावत नाही, म्हणून मला हीच पद्धत सगळ्यात प्रामाणिक वाटते. गंज मात्र त्याने जात नाही, त्याला अर्धं व्हिनेगर अर्धं पाणी, तेही अर्ध्या तासाच्या वर नको कारण मग ते बीडच खायला लागतं. कोणी सांगेल शेकोटीत टाक, सगळं जळून जातं, तर अजिबात ऐकू नकोस, पॅन वाकतो, आणि पृष्ठभाग लालसर पडला की त्यावर पुढे सीझनिंग, म्हणजे तेल तापवून बसवलेला थर, धरतच नाही.

धुतल्या धुतल्या मंद आचेवर कोरडा कर, उघडं बीड बघता बघता गंजतं. मग तेलाचा हात फिरवायचा आणि चुकून लागलं असावं तसं सगळं पुसून टाकायचं, जे उरतं तेवढंच पुरे. ओव्हनमधे उपडा, २३० डिग्री, तासभर, आणि हे परत परत. तेलाचे रेणू तापून एकमेकांत गुंतून कडक पापुद्रा होतो, जाड लावलं की चिकट राहतं. जवसाच्या तेलाचं फार कौतुक वाचशील, थर सुंदर दिसतो पण ठिसूळ असतो, सुटतो. साधं सोयाबीन किंवा सूर्यफूल घे.

आणि शोकेसमधे नको ठेवूस, रांध त्यात! बीड उष्णता पसरवतं अ‍ॅल्युमिनियमच्या जेमतेम पाव, म्हणून मोठ्या आचेवर मधेच तापतं आणि जुने पातळ पॅन वाकतात, मंद आचेवर सात-आठ मिनिटं दे. पण एकदा तापलं की गार मासा टाकला तरी त्याचं तापमान ढिम्म हलत नाही, म्हणून तर तो खालून खरपूस होतो. सुरुवातीला कांदे परतून घे, काहीतरी तळून घे, अंड्याची घाई नको. टोमॅटो, चिंच बराच वेळ शिजवू नकोस, आंबट थर खातं. भांड्याचा साबण चालतो, तो थर आता तेल राहिलेला नसतो. फक्त तापलेल्यावर गार पाणी ओतू नकोस, तडकेल.

शिशाचं काय निघालं ते आधी कळव, तोवर बादली भरू नकोस.

तुझाच मित्र