सिस्टर, त्या टेपबद्दल आभार

आमच्या उपकेंद्रातल्या सिस्टरांना,

सप्रेम नमस्कार. समोर आलं की तुम्ही लगेच “बसा, बीपी बघू” म्हणता आणि आभार राहूनच जातात, म्हणून हे पत्र.

पोळ्याच्या आठवड्यात अण्णांना घेऊन आलो होतो. तक्रार एकच: “चालाय लागलं की पोटऱ्या आवळतेत, थांबलं की मोकळं.” नस दबली म्हणून वर्षभर इंजेक्शनं झाली होती. देणाऱ्यानं एकदाही चप्पल काढायला लावली नव्हती. तुम्ही लावली. पावलाच्या वरच्या बाजूला दोन बोटं ठेवून नाडी शोधत थांबलात, मग घोट्याच्या आतल्या अंगाला. बराच वेळ. नडगीवरचे केस गेलेत, कातडी चकाकायलीय, हे आम्हाला घरात कधी दिसलंच नव्हतं. मग तुम्ही टेप काढून पोट मोजलं. अण्णा चिडलेच, “पायाचं बघा की, पोट कशाला मोजायलात?” ९८ सेंटिमीटर! आपल्याकडच्या पुरुषाला ९० पासूनच धोका, असं तुम्ही म्हणालात. आम्ही तर त्या पोटाला खात्यापित्या घरची खूण समजत होतो.

लातूरला तपासणीत रक्ताचा वरचा दाब दंडाला १४८ निघाला, घोट्याला ९२. घोट्याच्या आकड्याला दंडाच्या आकड्यानं भागलं की ०.६२. तो ०.९ किंवा त्याखाली आला की पायाची रक्तवाहिनी अरुंद झाली समजायचं. उपाशीपोटी साखर ११८, ट्रायग्लिसराइड म्हणजे रक्तातली चरबी २३०, चांगलं कोलेस्टेरॉल ३४. पोट, दाब, साखर आणि ही दोन, पाचातले तीन बिघडले तरी मेटाबॉलिक सिंड्रोम, म्हणजे हृदयविकार आणि मधुमेहाचा धोका वाढवणारे बिघाड एकत्र येणं. अण्णांचे पाचही बिघडलेले. तरी त्यांचं एकच, पायाचं औषध द्या. तेव्हा तुम्ही म्हणालात, “अण्णा, ठिबकची एक नळी चोंदली तर बाकीच्या बघता का नाही? पाणी एकाच विहिरीचं. हृदयाची आणि मेंदूची नळीही त्याच पाण्यावर हाय.” त्या दिवसापासून गोळ्या चुकल्या नाहीत.

दुखेपर्यंत चालायचं, थांबायचं, पुन्हा चालायचं, हे मात्र त्यांना पटेना. दुखणारा पाय चालवायचा कसा? आता वेशीपासून दुसऱ्या खांबाला थांबणारे अण्णा पिठाच्या गिरणीपर्यंत जातात. तंबाखूचं खोटं बोलायलेत. बंडी धुताना मायला खिशात चुन्याची डबी सापडली. तुम्हीच दटावा, आमचं ऐकत नाहीत.

परवा मायनं शिवणाची टेप लावली. ९४. अण्णांनी श्वास आत ओढला होता, ते सोडून द्या.

नव्या तुरीची डाळ केलीय, सोमवारी आणून देतो. नाही म्हणू नका.

आपला,
अण्णांचा धाकटा