सीएसएसडीतल्या मामांना

मामा, नमस्कार.

ऑपरेशन नीट झालं की पेढे सर्जनच्या टेबलावर येतात. सीएसएसडीपर्यंत, म्हणजे हत्यारं निर्जंतुक करणाऱ्या विभागापर्यंत, कुणी फिरकत नाही. म्हणून हे आभार उघड्यावर.

आधी घासण्याबद्दल. आर्टरी फोर्सेप्सच्या (रक्तवाहिनी पकडायच्या चिमट्याच्या) खाचांत आणि सांध्यात रक्त वाळलं की त्याचा थर बसतो, आणि थराखालच्या जंतूंना वाफ लागत नाही. हत्यारं येताक्षणी तुम्ही एन्झाइमच्या पाण्यात सोडता, ब्रश पाण्याखालीच चालवता म्हणजे शिंतोडे उडत नाहीत, सक्शनच्या नळीतून आतून पाणी काढता. मळकं हत्यार कितीही शिजवा, ते भरवशाचं नाही.

खरी हातोटी ऑटोक्लेव्हच्या, म्हणजे दाबाखालच्या वाफेने जंतू मारणाऱ्या यंत्राच्या, लोडिंगमध्ये. हवा वाफेपेक्षा जड. वाटी सरळ ठेवली की हवा तिच्यात बसून राहते आणि तेवढ्या जागेत १२१ अंश होतच नाहीत. तुम्ही वाट्या आणि किडनी ट्रे कडेवर उभे लावता, फोर्सेप्सची लॉक उघडी ठेवता, गाऊन कोंबत नाही. ड्रमची (गॉज, कापड ठेवायच्या गोल डब्याची) भोकं आत जाताना उघडी, बाहेर येताच बंद. ती उघडायची राहिली तर काटा १५ पौंडांवर, ३० मिनिटं पुरी, बाहेर चिकटवलेल्या, उष्णतेने रंग बदलणाऱ्या टेपवर काळ्या रेघा, आणि आतल्या गॉजला वाफ लागलेलीच नाही! टेप बाहेरची गोष्ट सांगते, आतली नाही. म्हणून तुम्ही ड्रमच्या मधोमध इंडिकेटरची, वाफ पोहोचली की रंग बदलणारी पट्टी ठेवता, व्हॅक्युमच्या मशीनवर रोज सकाळी रिकाम्या चेंबरमध्ये बोवी-डिक, म्हणजे हवा पुरती निघते का याची चाचणी, लावता (१३४ अंश, साडेतीन मिनिटं), आणि आठवड्याला बीजाणूंची कुपी, चिवट जंतूही मरतात का ते पाहायला.

पण सगळ्यात जास्त आभार तुमच्या ‘नाही’चे. ऑपरेशनांची लिस्ट खोळंबली की आमच्यातलेच कुणीतरी फोनवर आवाज चढवतात, ‘सेट ओला असला तरी द्या’. ओलं कापड म्हणजे वात. हातावरचे, टेबलावरचे जंतू ओलीबरोबर आत ओढले जातात. गरम सेट थंड फरशीवर ठेवला तरी आत पाणी सुटतं. तुम्ही तो रॅकवर निवेपर्यंत हात लावू देत नाही, आणि ओला निघाला तर सरळ पुन्हा पॅक करून लावता.

आमची कामं कागदावर दिसतात: चीर देण्याआधी तासाभरात अँटिबायोटिक, वस्तऱ्याऐवजी क्लिपर, कातडीवर लावलेलं स्पिरिटमधलं क्लोरहेक्झिडिन हे जंतुनाशक किमान ३ मिनिटं वाळू देणं. डब्ल्यूएचओच्या चेकलिस्टमध्ये निर्जंतुकीकरणाची खात्री केली का, हाही प्रश्न आहे, पण तो बहुधा नुसता वाचून ‘हो’ होतो. यापुढे सिस्टर सेटमधली पट्टी उघडून सगळ्यांना दाखवतील. रंग पुरता बदललेला नसेल तर सेट तुमच्याकडे परत येईल आणि चीर थांबेल.

तुमची,
ओटीतली मंडळी