कोलंबसहून, तुझ्या शाळेच्या इमारतीच्या निमित्तानं

कोलंबस, इंडियाना

प्रिय वसंता,

सप्रेम नमस्कार.

मागच्या फोनवर तू संस्थेच्या नव्या इमारतीची रडकथा ऐकवलीस. "आर्किटेक्टला कशाला पैसे मोजायचे, ठेकेदाराचा माणूस नकाशा फुकटात काढून देतोय" असं म्हणणारे तुमचे संचालक! तेव्हा मी नुसतं हं हं केलं, कारण सांगायचं ते फोनवर मावणारं नव्हतं. लेकीकडे ज्या गावात येऊन राहिलोय, त्या गावानं याच प्रश्नावर साठ-सत्तर वर्षं घालवली आहेत. तेव्हा सवडीनं वाच.

कोलंबस म्हटलं की लोकांना ओहायोतलं मोठं शहर आठवतं. हे ते नव्हे. हे इंडियानातलं, बार्थोलोम्यू काउंटीचं मुख्य ठिकाण. वस्ती पन्नास हजार, म्हणजे आपल्या कऱ्हाडएवढीच. इंडियानापोलिसपासून दक्षिणेला मोटारीनं तासाभराची वाट, आणि दोन्ही बाजूंना मका नि सोयाबीन. हिमयुगातल्या बर्फानं हा मुलूख रंधा मारल्यासारखा सपाट करून टाकलाय. पश्चिमेला ब्राउन काउंटीपर्यंत मात्र तो बर्फ पोचलाच नाही, म्हणून तिकडे एकदम डोंगर लागतात. मला तिकडे गेल्यावरच जरा बरं वाटलं. सपाटीवर आपला जीव रमत नाही.

संगम मात्र इथेही आहे. फ्लॅटरॉक आणि ड्रिफ्टवुड या दोन नद्या गावालाच मिळतात. आपल्याकडे कोयना येऊन मिळाली तरी कृष्णा ती कृष्णाच. इथे दोघींचीही नावं संपतात, पुढे तिला व्हाइट नदीचा पूर्वेकडचा फाटा म्हणतात. तिथून वॉबॅश, ओहायो, मिसिसिपी करत पाणी मेक्सिकोच्या आखाताला. संगमावर 1992 साली केलेली मिल रेस पार्क नावाची मोठी बाग आहे. नदी फुगली की ती पाण्याखाली जाते आणि त्याचं कुणाला काही वाटत नाही, कारण बाग आखतानाच ते धरून चाललेत. खरा दणका दिला तो गावातल्या हॉ क्रीक नावाच्या ओढ्यानं. 7 जून 2008 ला तो असा चढला की रुग्णालय रिकामं करावं लागलं, आणि पुढे काही महिने ते बंदच होतं. नदीकडे लक्ष ठेवावं आणि ओढ्यानं घात करावा, हे तुम्हा कऱ्हाडकरांना वेगळं सांगायला नको.

गावाचा जन्म 1821 चा. जनरल जॉन टिप्टननं जमीन दिली म्हणून आधी नाव ठेवलं टिप्टोना, आणि थोड्याच दिवसांत ते बदलून कोलंबस केलं. बिचारा भडकला असणारच. पुढे रस्त्याचं काम त्याच्या हाती आल्यावर त्यानं तो मुद्दाम गावाला वळसा घालून नेला, अशी दंतकथा आहे. खरंखोटं देव जाणे, पण जिल्हा परिषद पाहिलेल्या माणसाला ती पटते. 1844 ला रेल्वे आली आणि गावाचं बस्तान बसलं.

आता माझ्या जिव्हाळ्याचा भाग. पुण्यात ज्या इंजिनांवर मी अख्खी नोकरी काढली, त्यांचं माहेर हेच. क्लेसी कमिन्स हा इथल्या आयर्विन नावाच्या सावकार-बँकर घराण्याचा मोटारचालक. हात यंत्रात रमलेले. मालकानं पैसा घातला आणि 1919 ला कमिन्स कंपनी निघाली. पण डिझेल इंजिन विकत घेणार कोण? 1929 च्या नाताळात पठ्ठ्यानं एका पॅकार्ड गाडीत डिझेल इंजिन बसवलं, मालकाला त्यात फिरवलं, आणि लगेच जानेवारीत ती गाडी न्यूयॉर्कच्या प्रदर्शनाला हाकत नेली. इंधनाचा खर्च दीड डॉलरच्या आत! 1931 च्या इंडियानापोलिस 500 शर्यतीत त्यांची डिझेल गाडी एकदाही न थांबता पूर्ण अंतर पळाली. नंबर आला तेरावा, पण बोलबाला झाला तो न थांबण्याचा. एवढं करून कंपनीनं नफ्याचं तोंड पाहिलं ते 1937 साली. आणि 1962 ला हीच कंपनी किर्लोस्करांबरोबर कोथरूडला आली. त्यामुळे इथल्या दुकानात रांगेत मागून अस्सल पुणेरी मराठी कानावर पडलं तरी मी आता वळून बघत नाही.

त्या आयर्विन घराण्याचा नातू जे. आयर्विन मिलर. कंपनी त्यानंच मोठी केली. घरच्यांनी 1942 साली गावात चर्च बांधलं, तेही फिनलंडहून आलेल्या आर्किटेक्ट एलियल सारिनेनकडून. सरळसोट विटांचा डबा आणि शेजारी 166 फुटी मनोरा. पुढे एलियलच्या मुलाकडून, एरोकडून, 1954 ला बँक करून घेतली. बँका किल्ल्यासारख्या बांधायच्या त्या काळात ही चहूबाजूंनी काचेची, एकमजली. आत कोण कोणाला कर्ज देतोय ते रस्त्यावरून दिसावं.

पण हे सगळं श्रीमंताच्या घरचं कार्य. तुझ्या कामाची गोष्ट पुढे आहे. युद्धानंतर पोरं वाढली, शाळा भराभर हव्या होत्या, आणि घाईत बांधलेल्या स्वस्त शाळांचे हाल दिसायला लागले होते. तेव्हा मिलरनं शाळा मंडळापुढे प्रस्ताव ठेवला: आर्किटेक्टची फी कंपनीचं फाउंडेशन देईल, फक्त तो आम्ही दिलेल्या यादीतून निवडा. यादी जाणकारांनी केलेली, देशातल्या उत्तम माणसांची. निवड मंडळाची, आणि बांधकामाचा खर्चही गावाचा. 1957 ला हॅरी वीझनं श्मिट शाळा बांधली. छोट्या उतरत्या छपरांची रांग, प्रत्येक छपराखाली एक वर्ग. मग शाळेमागून शाळा, आणि ही सोय पुढे बाकीच्या सार्वजनिक इमारतींनाही लागू झाली.

वसंता, मला यातली मेख आवडली. देणगीदार इमारत देत नाही. इमारत दिली की भिंतीवर संगमरवरी पाटी येते आणि गाव नुसतं उपकृत राहतं. इथे विटेचे पैसे करदात्याचे, त्यामुळे भांडायचा हक्कही त्याचाच.

फळ काय मिळालं बघ. 1960 सालची मॅकडॉवेल प्राथमिक शाळा आज राष्ट्रीय वारसा वास्तू आहे. प्राथमिक शाळा! अग्निशमन दलाचं चार नंबरचं ठाणं 1968 साली रॉबर्ट व्हेंचुरीनं केलं. ते मी मुद्दाम चालत जाऊन पाहिलं. साधी बसकी इमारत, मधोमध पाण्याचे पाइप वाळत घालायचा उंच बुरूज, त्यावर केवढा तरी मोठा 4 चा आकडा. बस्स. दार उघडं होतं, आत एक जण बंब पुसत होता. मी फोटो काढतोय याचं त्याला जराही नवल नव्हतं. 1969 चं वाचनालय आय. एम. पेईचं, समोर शिल्पकार हेन्री मूरची वीस फुटी ब्राँझची कमान, तिच्याखालून पोरं सायकली काढतात. 1991 मध्ये अमेरिकेतल्या आर्किटेक्टांच्या संघटनेनं उत्तम वास्तूंच्या शहरांत या गावाला सहावं स्थान दिलं. पुढची पाच म्हणजे शिकागो, न्यूयॉर्क वगैरे.

सगळंच गोड आहे असं समजू नकोस. एका कंपनीवर उभं राहिलेलं गाव त्या कंपनीच्या तब्येतीवर जगतं. आणि सुंदर इमारत बांधणं एक, सांभाळणं दुसरं. एरोचं शेवटचं काम, 192 फुटी सुई असलेलं नॉर्थ ख्रिश्चन चर्च, 1964 ला पुरं झालं. माणसं घटत गेली आणि 2022 साली तिथली मंडळीच मोडली. वास्तू आता वाचनालयाकडे आहे. सपाट छपरांचं म्हणशील, तर इथे पाऊस आणि बर्फ दोन्ही. गळतीचा खर्च कोण करणार हा प्रश्न इथल्या सभेतही निघत असणारच.

तेव्हा संचालकांना माझं नाव सांगून विचार, की फीपुरते पैसे माजी विद्यार्थ्यांनी उभे केले तर तुमची हरकत आहे का? पुण्यातल्या आपल्या बॅचचे सात-आठ जण तरी मी पकडतो, मी स्वतः धरून. अट एकच, आर्किटेक्टांची नावं आपण तिघं-चौघं सुचवायची, निवड तुम्ही करा. आणि पावसाळ्यात जुन्या इमारतीच्या कुठल्या वर्गात पाणी गळतं, हे त्याला आधी शिपायाकडून कळू दे, हेडमास्तरांकडून नको.

जागेचा मोजणी नकाशा आणि पूररेषा कुठून जाते तेवढं लगेच पाठव. वहिनींना नमस्कार.

तुझा,
सुधाकर