दिवाळीला येत नाहीये, पण आधी हे पूर्ण वाचा

हेस्टिंग्ज, रविवार

ती. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

फोनवर सांगायला गेले की आई रडते आणि बाबांना अचानक रेंज येईनाशी होते. म्हणून पत्र. पूर्ण वाचा, मग फोन करा.

मी लंडनची नोकरी सोडली आहे. राजीनामा मंजूर झालाय. कुणी काढलं नाही, कुणाशी भांडण नाही, तब्येत ठणठणीत आहे. आमच्या बँडचा पहिला अल्बम या हिवाळ्यात रेकॉर्ड करायचाय, त्यामुळे दिवाळीला येणं जमणार नाही. गुढीपाडव्याला येते आणि चांगली महिनाभर राहते. पन्ह्याच्या कैऱ्या माझ्यासाठी ठेव.

आई, आता बस. पाणी पी. पुढचं बाबांना मोठ्याने वाचू दे.

व्हिसाचं आधी सांगते, कारण रविकाका तेच विचारणार. मला इथे कायम राहण्याचा परवाना मिळालाय, नोकरी सोडली म्हणून कुणी परत पाठवत नाही. वर्षभराचं भाडं बाजूला ठेवलंय. सांगलीच्या फ्लॅटचा हप्ता वेगळ्या खात्यातून जातो, त्याला धक्का नाही. शिवाय इथल्याच एका ऑफिसात हिशेबाचं अर्धवेळ काम धरलंय. म्हणजे सीए झाल्याचं वाया गेलं असं म्हणायला जागाच ठेवली नाही.

बाबा, मागच्या वेळी तुम्ही विचारलंत, नुसता पियानो, एक गाणारा आणि ड्रम, एवढ्यावर बँड होतो का? होतो. इथून ट्रेनने पाव तासावर बॅटल नावाचं गाव आहे. तुमची ती १०६६ ची हेस्टिंग्जची लढाई झाली ती तिथेच. कीन नावाचा बँड त्याच गावचा. २००१ मध्ये त्यांचा गिटारवाला सोडून गेला. दुसरा आणायचं सोडून त्यांच्या पियानोवाल्या टिम राइस-ऑक्सलीने गिटारची सगळी जागा पियानोने भरून काढली. कोल्डप्ले हे नाव तुम्ही माझ्याकडून ऐकलंय, त्यांच्या ख्रिस मार्टिनने त्याला आपल्या बँडमध्ये बोलावलं होतं. गेला नाही. २००३ मध्ये एका छोट्या कंपनीने त्यांचं एक गाणं काढलं, 'एव्हरीबडीज चेंजिंग', आणि मग मोठ्या कंपन्यांना जाग आली. पहिला अल्बम 'होप्स अँड फिअर्स' १० मे २००४ ला आला आणि ब्रिटनमध्ये पहिल्या नंबरवर गेला. पुढच्या वर्षी ब्रिट पुरस्कारात सर्वोत्तम अल्बमही तोच. रेकॉर्डिंग बरंचसं इथून जवळच, राय गावी झालं. गाणारा टॉम चॅप्लिन हेडमास्तरांचा मुलगा, आई, नीट ऐक, हेडमास्तरांचा. (त्याने एडिनबराचं कॉलेज अर्धवट सोडलं होतं, ते वाक्य बाबांनी मनात वाचावं.)

आमचं तसंच होईल असं मी म्हणत नाही. बहुधा होणार नाही. पण गिटार नाही म्हणून हसणाऱ्यांचं मी मनावर घेत नाही. १९४० ते १९७१ आकाशवाणीने पेटीला दार बंद ठेवलं होतं, हे तुम्हीच जेवताना दर चार दिवसांनी सांगायचात. म्हणून काय मिरजेत पेट्या वाजायच्या थांबल्या?

कीनचा पियानो मात्र तुम्हाला बघायला आवडेल. यामाहाचा सीपी-७०. तारा खऱ्या, हातोड्या खऱ्या, पण आवाज घुमवणारी लाकडी फळीच नाही. तंबोऱ्याचा भोपळा काढून तारांनाच माइक लावल्यासारखं. त्यामुळे सूर जरा पत्र्यासारखा, चमकदार येतो, आणि तेच मला आवडतं. पट्ट्या ८८ नाहीत, ७३. दोन तुकडे करून नेता येतो असं म्हणतात. आम्ही एक जुना घेतलाय. तो जिन्यावरून चढवताना शेजारचे म्हातारे आजोबासुद्धा हात लावायला आले.

कीनचं 'समव्हेअर ओन्ली वुई नो' हे गाणं लिंकवर पाठवलंय. पेटी घेऊन बसा. पांढरी सहाचा सा धरा आणि सा-ग-प एकदम दाबून ठेवा, सुरुवात तिथूनच होते. टिम नुसते कॉर्ड ठोकत राहतो, घाई नाही, हरकती नाहीत. तुम्ही नाक मुरडाल. दुसऱ्यांदा ऐका.

तुम्ही वाजवायचात आणि भाता मी हलवायचे, आठवतं ना? हात भरून आला तरी बोलायची नाही, कारण बोललं की आई उचलून अंथरुणावर नेऊन टाकायची. नानामामाच्या लग्नात तर मी पेटीला टेकून झोपलेच, आणि आई, तू मला त्या जरीच्या परकरात तसंच गुंडाळून घरी आणलंस. ते आठवून कधीकधी इथे उगीचच तुझ्या कुशीत शिरावंसं वाटतं.

खोलीची काळजी करू नको. हीटर चालू आहे, खिडकीतून समुद्र दिसतो. ज्वारीचं पीठ, तूरडाळ घरपोच येते. भाकरी आता गोल जमते. मेतकूट तेवढं संपलंय, पण त्यासाठी कुणाला कुरिअर करायला लावू नका.

आता माझं ऐकायचं. बाबा, साखरेची तीन महिन्यांची तपासणी या आठवड्यात, आणि रिपोर्टचा फोटो मला, "नॉर्मल आहे" हे चालणार नाही. एकादशीला साबुदाण्याची खिचडी बंद. पांडुरंगाला मी समजावते. आई, न्हाणीघरात धरायला दांडी बसवून घ्यायची, गवंडी न आल्यास मी इथून फोन करते. गुडघ्याचे व्यायाम देवपूजेआधी, नंतर नाही, नंतर तू विसरतेस. गच्चीवर वाळवणं घेऊन एकटी चढायची नाहीस. साताऱ्याच्या वेळी काय झालं ते सगळ्यांना माहितेय, पुन्हा नको.

रागावला असाल तर रागवा, पण जेवण चुकवू नका. सोमवारी रात्री तुमच्या नऊला फोन करते, दोघांनी स्पीकरवर बसायचं.

तुमची,
मनू

ता. क.: रविकाकांना तुम्ही काही सांगू नका. त्यांना मीच सांगेन, आणि पगाराचा आकडा विचारला तर फोन आईकडे द्यायचा.